रजेवर जाण्याआधी, निसारसाठी

निसार, विमान रात्री अडीचचं आहे,
कंपनीची बस दहाला. तू ड्यूटीवर असशील,
म्हणून हे फ्रीजच्या दारावर चिकटवून जातोय.
अक्षर लावून घे. बोटांत अजून वेल्डिंगचा कंप आहे.

खारीक उठली की आधी तिचे कान बघ.
आतून गुलाबी असतील तर दिवस बरा.
लालबुंद झाले, की समज
मेसमधल्या कुणीतरी पुन्हा बिर्याणीची हाडं टाकली.
कोंबडी तिला सोसत नाही. हे कळायला मला सहा महिने लागले,
आणि तोवर मी खापर फोडत होतो
सोहारच्या दमट हवेवर, वाळूवर, रिफायनरीच्या धुरावर,
तिच्या आधीच्या मालकांवरही,
ज्यांनी घर आवरलं आणि हिला गेटला बांधून गेले.
भात दे. मासळी दे, काटे काढून.
तू श्रीवर्धनचा, काटे काढायला तुला काय शिकवायचं.

अंघोळ शुक्रवारी. नळाचं पाणी घेऊ नकोस,
जूनमध्ये टाकीतून थेट चहाचंच आधण येतं.
गीझर बंद ठेवलाय, त्यात मुरलेलं पाणी त्यातल्या त्यात गार.
ओट्स दळून कॉफीच्या बरणीत ठेवलेत,
वस्त्रगाळ. कुणी चुकून प्यायलं तरी मरणार नाही.
मूठभर बादलीत, पाणी दुधाळ व्हायला हवं.
पाठीवर ओत आणि चोळू नकोस, तसंच राहू दे
एक सिगारेट संपेपर्यंत.
तू ओढत नाहीस. मग घरी फोन लाव.

कडुनिंब चौकातल्या झाडांचा. इथली माणसं त्याला शरीश म्हणतात.
छाटणीवाला सिल्हेटचा पोरगा आहे, मोफज्जल,
हाक मारलीस की फांदी टाकेल.
पाला उकळ, निवव, पंजांपुरताच वापर.
हळद नको. एकदा मी लावली होती,
अख्खा कॅम्प म्हणाला, हिला हळद लागली, नवरा कुठाय?
ड्रायव्हर गुलजमीन तर मिठाई मागत होता.
तीन चादरी पिवळ्या झाल्या. खाज होती तिथेच.

आणि व्हिनेगर.
बाटली मी फेकली आहे, कुणी सांगितलं तरी आणू नकोस.
सोललेल्या कातडीवर ओतलं होतं मी, अर्धवट ऐकून.
ती ओरडली नाही. नुसती माझ्याकडे बघत मागे मागे गेली
आणि दोन दिवस कंटेनरखाली राहिली.
ते दोन दिवस मी जेवलो, कामावर गेलो, सगळं केलं.

खोबरेल घाण्यावरचं आहे, गुहागरहून आलेलं, चार बोटं उरलंय.
लावलं की ती चाटते. म्हणून बी काढलेला खजूर दे
आणि दहा मिनिटं बोलत बस तिच्याशी.
कशावरही बोल. मी ओव्हरटाइमचा हिशेब सांगतो.
त्याच वाटीतलं तेल मी माझ्या घामोळ्याला लावतो,
ती वाटी तू घेऊ नकोस.
तुझा वझूचा मग वरच्या कप्प्यात आहे,
तिच्या कामाला तो कधी घेतला नाही, तेवढा विश्वास ठेव.

रक्त दिसलं, पू दिसला, तर वरचं सगळं विसर.
माझ्या उशीच्या खोळीत वीस रियाल आहेत,
जनावरांच्या डॉक्टरकडे ने. टॅक्सीवाला नाही म्हणेल.
गुलजमीन नाही म्हणणार नाही.

तू म्हणालास, बघीन मी, पण हात लावणार नाही.
मी म्हटलं, बरं.

पण मागच्या महिन्यात, रात्री दोनच्या सुमारास
पाणी प्यायला उठलो होतो मी.
पायरीवर तू होतास, हातात माझा वेल्डिंगचा हातमोजा,
आणि ती डोळे मिटून, मागचा पाय हवेत हलवत.
तू हळूच विचारत होतास,
हयां? का हयां?
मी तहानलेलाच परत येऊन झोपलो.

डावा हातमोजा पलंगाखाली ठेवलाय.
उजवा तुझ्याकडेच आहे.